सोळा आणे माळकरी

१६

डॉक्टर रहांगडाले ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आले, तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि बाकावर बसलेल्या निर्मलाबाईंना म्हणाले, "काळजी करू नका बाई. माळ घातली त्याले."

निर्मलाबाई उठल्या. पदर डोक्यावर नीट घेतला. मग वाकून डॉक्टरांच्या पायांना, म्हणजे पायातल्या पांढऱ्या रबरी बुटांना, हात लावून नमस्कार केला.

अकरा वर्षं ही बाई आपल्या नवऱ्याच्या, धनीरामच्या, मागे लागली होती, की एकदाची माळ घाला. शहापूरच्या भजन मंडळाचे केवळरामबुवा माळ हातात घेऊन चार वेळा घरी येऊन गेले होते. माळ घातली की मटण सुटतं, मासोळी सुटते, आणि मुख्य म्हणजे मोहाची दारू सुटते. धनीरामला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून बुवा पुढच्या दारानं आले की तो मागच्या दारानं जायचा. चौथ्या वेळी बुवा हुशारीनं मागच्या दारानं आले, तर हा पुढच्या दारानं गेला. आणि या डॉक्टरानं त्याला आडवा पाडून, सुई टोचून, दीड तासात काम उरकलं होतं.

"कोणती घातली जी? तुळशीची?" निर्मलाबाईंनी विचारलं.

"सिमेंटची," डॉक्टर म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

१६ (अजून)

झालं होतं ते असं.

शहाऐंशी साल, फेब्रुवारीचा पहिला आठवडा. साकोलीकडच्या एका गावी शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, होता. धनीराम बैलजोडी हाकायला उभा राहिला तेव्हा त्याच्या पोटात दोन गिलास मोहाची होती. बैल शुद्धीत होते. ते सरळ गेले. धनीराम वळला. छकडीचं चाक त्याच्या डाव्या नडगीवरून गेलं, हाड मोडून कातडीबाहेर आलं, आणि त्या उघड्या जखमेत पटाची माती, शेण आणि धानाच्या तणसाचे तुकडे असं सगळं शेत शिरलं. एका ट्रकवाल्यानं त्याला हायवेनं भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणून टाकलं.

डॉक्टर रहांगडाल्यांनी असे पाय पाहिले होते. हाड बसवता येतं. पण आठव्या दिवशी ताप येतो, पंधराव्या दिवशी पू येतो, मग नागपूर, मग करवत. इंजेक्शनं देऊन भागत नाही, कारण औषध रक्तातून जातं आणि चिरडलेल्या जागी रक्तच जात नाही. हे त्यांनी चहा पिऊन आल्यावर बाकावर बसून निर्मलाबाईंना समजावलं. आधी विचारलं, तुमच्या शेतीला नहराचं पाणी येतं का. निर्मलाबाई म्हणाल्या, आमचं शेत नहराच्या शेपटाला, तिथवर पाणी पोचत नाही. मग काय करता? मग धानाच्या बांधीतच बोडी, लहानसं तळं, खोदली, त्या म्हणाल्या, जिथं धान तिथंच पाणी.

"तेच केलं मी," डॉक्टर म्हणाले. "औषधाची बोडी. पायातच."

बोडी ती अशी. हाडं जोडायला वापरतात ते सिमेंट, पिठासारखं असतं. त्यात जेंटामायसिन नावाच्या औषधाची पूड मिसळायची, वरून द्रव ओतायचा, मळायचं, आणि ते गरम होऊन दगड व्हायच्या आत त्याचे मणी वळायचे, बारीक स्टीलच्या तारेवर. हे मणी जखमेत ठेवले की कितीतरी दिवस त्यांतून औषध झिरपत राहतं, नेमकं जिथं शेण गेलं तिथंच. परदेशात अशा माळा तयार मिळायच्या. भंडाऱ्यात त्यांचा फोटोच तेवढा मिळायचा, तोही एका मासिकात. डॉक्टरांनी तो फोटो एका कासाराला दाखवला आणि त्याच्याकडून पितळेचा दोन पाटांचा साचा करून घेतला. कासारानं तीन वेळा विचारलं, कोणत्या देवाची माळ आहे. डॉक्टरांनी तिन्ही वेळा सांगितलं की देवाची नाही. कासारानं साचा उकळून, हळदकुंकू लावून दिला. पाटावर सोळाच खळगे बसले, म्हणून मणी सोळा.

सोळा मणी धनीरामच्या नडगीत गेले. तारेचं टोक कातडीबाहेर राहिलं. वरून प्लास्टर बसलं, आणि प्लास्टरला जखमेपाशी एक खिडकी ठेवली.

दवाखान्यातल्या ललिताबाई सिस्टरनं पुढचंही सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी ही माळ ओढून काढायची, दिवसाआड एक मणी. औषध संपलं की मणी म्हणजे नुसता खडा, आणि खड्यावर रोगजंतू येऊन बसतात. निर्मलाबाईंनी हे ऐकलं. पण तीन आठवडे हे खूप दिवस असतात.

१६ (गावात)

दुपारच्या बसनं बातमी शहापूरला पोचली. धनीरामनं माळ घातली.

बावीस दिवसांनी तो बसमधून उतरला, दोन कुबड्यांवर, आणि समोर टाळमृदंग वाजायला लागला. धनीरामनं मागे वळून पाहिलं, की आपल्या मागून कोण मोठा माणूस उतरतोय. मागून कंडक्टर उतरला. कंडक्टरलाही वाटलं आपल्यासाठीच, त्यानं हात जोडले. मग केवळरामबुवा पुढे आले आणि धनीरामच्या गळ्यात पडले, गळा चाचपला, आणि गळा रिकामा.

"माळ कुठं आहे, महाराज?"

निर्मलाबाईंनी प्लास्टरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. बुवा हायवेच्या कडेला गुडघ्यांवर बसले आणि आत डोकावले. पट्टीच्या आडून तारेचं चकचकीत टोक दिसलं. बुवांनी त्याला हात जोडले, पण त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

कारण प्रश्न मोठा होता.

शहापूर भजन मंडळ. बैठक, शनिवार, दुपारी तीन.

विषय एकच: पायातली माळ तोंडाले लागू होते का.

डोमा (धनीरामचा प्यायला बसायचा जोडीदार, वजन चाळीस किलो) याचं म्हणणं: गळ्यातली माळ तोंडाच्या खाली असते, म्हणून ती तोंड बांधते. पायातली माळ फक्त पाय बांधते. धनीरामचा डावा पाय मोहाच्या भट्टीवर जाणार नाही, हे मान्य. उजव्याला कोणाची मनाई नाही.

निर्मलाबाई दारातून: "उजवा एकटा जात असन तर जाऊ द्या त्याले."

सभा दहा मिनिटं हसण्यासाठी तहकूब.

धनीरामचं म्हणणं: त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो बेशुद्ध होता.

केवळरामबुवांचा निर्णय: रक्त अंगभर फिरते. माळ रक्तात आहे. म्हणजे माळ अंगभर फिरते. म्हणजे ती गळ्यातही आहे, तोंडातही आहे. धनीराम सोळा आणे माळकरी.

हे डॉक्टरांच्या सांगण्याच्या बरोबर उलट होतं. पण डॉक्टर त्या शनिवारी भंडाऱ्यात होते.

१६ (शेवटचे दोन दिवस)

धनीराम माळकरी झाला. लोक त्याला महाराज म्हणायला लागले. पंगतीत पहिलं पान त्याचं, भातावर तूप त्याच्या जास्त. एका बारशाला त्याला चार शब्द बोलायला उभं केलं. तो चार शब्द बोलला: "मले बसू द्या बापा." लोकांना त्यात खोल अर्थ दिसला.

दवाखान्यातले धरून चोवीस दिवस त्याच्या पोटात थेंब गेला नव्हता. निर्मलाबाई संध्याकाळी दार लावून घेत नव्हत्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दार उघडं टाकून भाकरी थापल्या, कारण कोणी धडपडत येणार नव्हतं, कोणाला शोधायला जायचं नव्हतं. जनाबाई शेजारीण म्हणाली, तुझा चेहरा भरला गं. त्या म्हणाल्या, झोप लागते.

१५

डॉक्टरांनी चिमट्यानं तारेचं टोक धरलं आणि हळूच ओढलं. टक. पहिला मणी बाहेर आला, ज्वारीच्या दाण्याहून मोठा, पांढरट. कैचीनं त्यांनी तेवढी तार कापली.

"आता आत किती जी?" धनीरामनं विचारलं.

"पंधरा."

परतीच्या बसमध्ये धनीराम मनात हिशेब करत होता. शहापूरच्या थांब्यावर उतरला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. डोमा तिथं उभाच होता.

"डोमा, मी किती आणे माळकरी होतो?"

"सोळा."

"मणी किती होते?"

डोमानं बोटं मोजली. सोळा बोटं होईपर्यंत त्याला धनीरामची सहा उसनी घ्यावी लागली असती, पण त्याआधीच त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो थांब्यावरच नाचला.

एक आणा सुटला होता.

आणेवारी

धानाचं पीक किती आणे आलं हे दर साली तलाठी बांधावर उभं राहून ठरवतो. सोळा आणे म्हणजे भरलं पीक. त्यामुळे आण्याचा हिशेब शहापुरात कोणाला शिकवावा लागत नाही. भैय्यालाल तलाठ्यानं तर वीस वर्षं हेच केलं होतं. धनीराम आणि डोमा त्याच्याकडे गेले आणि विचारलं, एका आण्यात काय काय बसतं.

भैय्यालालनं कागद काढला. असं काम त्याला नोकरीत कधी मिळालं नव्हतं. सगळं गाव जमलं, बुवासुद्धा, आणि दोन तास घासाघीस चालली. शेवटी ठरलं ते असं:

पहिले तीन आणे: वास.
चार आणे: रस्सा, फोडीशिवाय.
आठ आणे: मासोळी.
बारा आणे: मटण.

मोहाची कुठं लिहायची यावर गाडी अडली. धनीराम म्हणत होता दहा. डोमा म्हणत होता दोन. तेव्हा निर्मलाबाई बोलल्या.

"सोळाव्या मण्यावर. त्याच्या आधी थेंब नाही."

धनीरामनं चटकन मान्य केलं. त्याला वाटलं, आपण जिंकलो. एक महिनाच तर होता. निर्मलाबाईंनाही वाटलं, आपण जिंकलो. एक महिना होता.

१४

जनाबाईकडे मासोळी. धनीराम कुंपणाला टेकून उभा. वास घेतला, नियमात.

१३

पुन्हा. कुंपण वाकलं.

१२

रस्सा. निर्मलाबाईंनी स्वतः गाळणीतून गाळून दिला, एकही फोड जाऊ नये म्हणून. धनीरामनं तो कपबशीतून प्यायला, चहासारखा, फुर्र करत, डोळे मिटून, आणि प्यायल्यावर बशीही चाटली. भैय्यालालनं कागदावर टिकमार्क केला.

११

डॉक्टर खिडकीतून जखम पाहत म्हणाले, ताप नाही, सूज नाही, पू

१०

नाही. बत्तीस दिवस झाले होते. शेणानं भरलेला पाय आणि पू नाही. डॉक्टरांनी ललिताबाई सिस्टरला हाक मारून दाखवलं, सिस्टरनं वॉर्डबॉयला दाखवलं. डॉक्टर मग कासाराकडे जाऊन दुसरा साचा सांगून आले.

निर्मलाबाई मात्र बाकावर बसून दोन गोष्टींचा आनंद आणि एका गोष्टीचं दुःख एकदम करायला शिकत होत्या. पाय वाचत होता. धनीराम हसत होता. आणि दर मण्यागणिक तो भट्टीकडे एक पाऊल सरकत होता, कुबड्यांशिवाय. बाहेर मोहाच्या झाडांची फुलं पडायला लागली होती. बसच्या खिडकीतून वास येत होता. पहाटे टोपल्या घेऊन सगळ्या बाया फुलं वेचायला जात होत्या. निर्मलाबाई यंदा गेल्या नाहीत.

९

एक निघाला, पुढचा अडला.

डॉक्टरांनी ओढलं, मणी आला नाही. पुन्हा ओढलं, धनीराम आला, मणी नाही. डॉक्टर घामाघूम झाले. म्हणाले, आज राहू द्या, मांसानं धरलाय.

निर्मलाबाईंच्या तोंडून बाहेर पडलं, "राहू द्याच नं जी."

डॉक्टरांनी चिमटा ठेवला. त्यांना तोवर आण्यांचं सगळं कळलं होतं. भंडाऱ्यात कोणाला कळलं नव्हतं असं नाही. ते स्टुलावर बसले. म्हणाले, आतल्या मण्यांतलं औषध संपत आलंय. राहिले तर आता त्यांच्यावरच पू धरेल, ज्या पुवासाठी ते घातले तोच. मग पाय गुडघ्याच्या वरून जाईल. त्यांनी हे सावकाश सांगितलं, डोळ्यांत बघून.

"मणी पायजे का पाय, बाई?"

"पाय," निर्मलाबाई म्हणाल्या. विचार करायला त्यांनी काही वेळ घेतला नाही. मग त्या बाहेर गेल्या आणि नळावर बराच वेळ तोंड धुतलं.

८ (हा मोजायला कोणालाच सापडला नाही)

७

कारण पुढच्या वेळी डॉक्टरांनी थोडी जागा बधिर केली, ओढलं, आणि टक टक, दोन मणी एकदम आले. धनीराम रस्स्यावरून थेट मासोळीच्या पुढे जाऊन उतरला.

यावर गावात वाद झाला. भैय्यालालचं मत, मधला आणा बुडाला. धनीरामचं मत, बुडाला तर बुडाला, मरळ कुठं आहे. त्या दिवशी तलावातून मरळ आली, निर्मलाबाईंनी ती लसूण-जवस घालून केली, आणि नेहमीप्रमाणे डोकं स्वतःच्या ताटात घेतलं. मरळीचं डोकं त्यांच्याइतकं निगुतीनं खाणारं शहापुरात कोणी नव्हतं. गालाचं मांस, मग डोळे, मग मेंदू, मग हाडं चोखून ताटाच्या कडेला ओळीनं. अर्धा तास लागायचा. अर्धा तास त्यांच्याशी बोलायचं नाही, हे धनीरामला ठाऊक होतं. तो त्यांच्याकडे बघत बसला. तोही खूश होता. घरात कोणाचा आवाज नव्हता.

६, ५

डोमा साकोलीकडे जाऊन आला. येताना त्याच्या पिशवीत एक बाटली होती, पहिल्या धारेची, यंदाच्या फुलांची, काडी लावली तर पेटेल अशी. ती त्यानं धनीरामच्या अंगणातल्या तणसाच्या ढिगात पुरली. सगळ्यांना ठाऊक होतं ती कुठं आहे. निर्मलाबाईंनी दोनदा तणस उचललं, दोनदा परत ठेवलं. ठरलं ते ठरलं होतं. सोळावा मणी हा शब्द त्यांचाच होता.

४

मटण. धनीराम जेवला आणि रडला. मिरचीनं, असं तो म्हणाला.

३

टक.

२

डॉक्टर म्हणाले, आता मणी निघाले की त्या जागेत कमरेचं हाड किसून भरू, दिवाळीत दोन्ही पायांवर उभा राहशील. निर्मलाबाईंनी विचारलं, उभा राहील म्हणजे चालेल का. चालेल की. कुठंही? कुठंही, डॉक्टर म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय म्हणालो, आणि ते कागद चाळायला लागले.

१

त्या दिवशी निर्मलाबाई भंडाऱ्याला गेल्या नाहीत. डोकं दुखते म्हणाल्या. धनीरामबरोबर डोमा गेला. त्यानं धुतलेला सदरा घातला होता.

०

टक.

"पुरी निघाली नं जी माळ?"

"पूर्ण," डॉक्टर म्हणाले. "एकही नाही आत."

धनीरामनं डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. पाय राहिला होता, खरंच राहिला होता, आणि हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळल्यासारखं झालं. मग डोमानं त्याला ओढलं. बसस्टँडवर दोघांनी चहा घेतला. डोमा बसमध्ये गात होता. कंडक्टरनं तिकीट मागितलं तर डोमा म्हणाला, आज सोळा आणे सुटला हा माणूस. कंडक्टर म्हणाला, तिकीट मात्र लागेल.

चारच्या सुमारास ते घरी पोचले. अंगणात शिरताना केवळरामबुवा बाहेर पडत होते. बुवांनी धनीरामकडे पाहिलंच नाही, घाईघाईनं निघून गेले, जसा धनीराम जायचा.

निर्मलाबाई उंबरठ्यावर बसल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ.

धनीराम कुबड्यांवर डुलत उभा राहिला.

"हे काय वं?"

"माळ."

"ते दिसते. कोणाची?"

"माझी. तुमची निघाली नं आज. घरात एक तरी पायजे."

डोमा तणसाच्या ढिगाकडे निघाला होता, तो अर्ध्यात थांबला. निर्मलाबाईंनी मग नेम सांगितले, एकेक करून, जणू बाजाराची यादी. या चुलीवर आता मटण-मासोळी चढणार नाही. तुमाले खायची असन तर अंगणात तीन दगड मांडा, आपल्या हातानं करा. अन् पिऊन आलेल्या माणसाला मी हात लावणार नाही. त्याच्या हातचं पाणी घेणार नाही, त्याला पाणी देणार नाही.

"हात नाही लावणार म्हणजे?" धनीराम म्हणाला. "मले खाटेवर कोण बसवन? उचलन कोण?"

"डोमाभाऊ."

डोमा जोडीदाराला जागला. तो आला, धनीरामच्या काखेत खांदा घातला, दम धरला आणि उचललं. उचललं ते थेट तणसात. दोघंही ढिगात बुडाले, वर फक्त प्लास्टरचा पाय राहिला, खिडकी आभाळाकडे करून. जनाबाई कुंपणावरून वाकून पाहत होती, ती तशीच कुंपणासकट आत आली.

तणसातून आधी डोमाचा हात वर आला. हातात बाटली होती. मग धनीरामचं डोकं आलं, केसांत काड्या. त्यानं बाटलीकडे पाहिलं, निर्मलाबाईंच्या गळ्याकडे पाहिलं, आणि त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं.

"म्हणजे मासोळी बी नाही? तू?"

"नाही."

"मरळ?"

"मासोळीच होय नं ते."

"डोकं बी नाही?"

 निर्मलाबाईंनी माळेचा एक मणी दोन बोटांत धरून फिरवला.

"नाही," त्या म्हणाल्या.

अंगणात कोणी हसलं नाही. डोमासुद्धा. धनीराम तणसात बसून आपल्या बायकोकडे बघत राहिला. ताटाच्या कडेला ओळीनं ठेवलेली हाडं त्याला दिसत असावीत.

"मी आठ आणे राहतो," तो शेवटी म्हणाला.

"कशाचे?"

"माळकरी. आठ आणे."

"सोळा."

"दहा. मटण सोडलं, जा. मासोळी राहू दे, महिन्यातून दोनदा. जनाबाईकडे खाईन, तुह्या चुलीवर नाही."

"दारू?"

"ते सुटलेल्या सहात धरली."

"मंग पंधरा."

"पंधरात मासोळी कुठं बसते वं? बारा."

"चौदा."

जनाबाईनं कुंपण खांद्यावरून काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाली की चौदा वाजवी आहेत, दोन आण्यांत तिच्या घरची मासोळी बसते. भैय्यालाल रस्त्यानं जात होता, तो थांबून खिशातला कागद काढायला लागला. धनीरामनं त्याला हातानं थांबवलं.

"दारूचे दोन आणे तरी टाक त्यात."

"दारूले आणेवारी नाही," निर्मलाबाई म्हणाल्या. "ते एक तर आहे नाही तर नाही."

धनीरामनं डोमाच्या हातातल्या बाटलीकडे पुन्हा पाहिलं. उन्हात ती पाण्यासारखी स्वच्छ दिसत होती. त्यानं एक लांब श्वास घेतला, इतका लांब की डोमाला वाटलं आता हा बाटली मागतो, म्हणून त्यानं बूच काढायला घेतलं.

"चौदा," धनीराम म्हणाला. "पण महाराज म्हणाचं नाही कोणी."

डोमा बूच हातात घेऊन तसाच बसला. त्याला काय करावं कळेना. त्यानं बाटली भैय्यालालपुढे धरली. भैय्यालाल म्हणाला, मी ड्युटीवर आहे. जनाबाईपुढे धरली, तिनं डोळे वटारले. मग त्यानं बूच परत लावलं, अगदी घट्ट.

"मंग उचल आता," धनीराम म्हणाला. "पाय खाजून राहिला."

निर्मलाबाई उंबरठ्यावरून उतरल्या, ढिगापर्यंत आल्या, वाकल्या. पण काखेत हात घालायच्या आधी त्यांनी आपला चेहरा त्याच्या चेहऱ्याजवळ नेला.

"हा करा."

"हा."

त्यांनी वास घेतला. एकदा, आणि खात्रीसाठी आणखी एकदा.

"चहा," त्या म्हणाल्या, आणि उचललं.